शिशाची गोळी आणि बंदुकीची नळी

जामखेड तालुक्यांतील खर्डा हें गांव मराठ्यांच्या इतिहासांत एका दिवसामुळें अजरामर झालें आहे. तो दिवस ११ मार्च १७९५ चा. निजाम अली खानाचें सैन्य बेदरहून निघून मोहरीच्या घाटानें खालीं उतरलें होतें. समोर परशुरामभाऊ पटवर्धनांच्या नेतृत्वाखालीं पेशवे, शिंदे, होळकर व भोसले यांच्या फौजा उभ्या होत्या. मोगली घोडदळ पुढें सरसावतांच रघूजी भोसल्यांच्या बाणांचा वर्षाव त्यावर झाला आणि शिंद्यांकडील पेरों यानें उंचवट्यावर मांडलेल्या तोफांनीं त्याची फळी फोडली. रेमंड याच्या कवायती पलटणी कांहीं काळ नेटानें लढल्या. पण निजामाचा धीर सुटला, रात्रीं छावणींत गोंधळ माजला आणि निजामास खर्ड्याच्या किल्ल्यांत आसरा घ्यावा लागला. पुढें झालेल्या तहांत दिवाण मुशीर-उल्-मुल्क यास मराठ्यांच्या हवालीं करावें लागलें.

या लढाईची कथा शौर्याच्या व राजकारणाच्या अंगानें पुष्कळांनीं सांगितली आहे. पण त्या दिवशीं हजारों शिपायांच्या कमरेस जी शिशाची गोळी होती, तिचाहि एक इतिहास आहे. बंदूक कितीहि नामांकित असो, निशाणाचें भवितव्य अखेरीस नळी आणि गोळी यांच्या जुळणीवरच अवलंबून असतें. ही जुळणी चुकली म्हणजे दारू वाया जाते, नेम चुकतो, आणि क्वचित् बंदूक धरणाराच प्राणास मुकतो.

त्या काळीं दोन तऱ्हेच्या बंदुका प्रचारांत होत्या. एक जुनी तोड्याची. जळती जामगी कान्यांतील रंजकेला लावावयाची, कीं बार उडाला. दुसरी चकमकीची, तीच कवायती पलटणींच्या हातीं असे. शिंद्यांसाठीं द बॉइन यानें आग्र्यास कारखाना उभारला होता व तेथें सँगस्टर नांवाचा स्कॉच कारागीर तोफा आणि बंदुका घडवीत असे. तोड्याची बंदूक गांवोगांवचे लोहार बनवीत. म्हणून एकीची नळी दुसरीशीं जुळेलच असा भरंवसा नसे. जशी नळी तसा साचा, आणि जसा साचा तशी गोळी, हाच त्या काळचा नियम होता. म्हणून बंदुकीबरोबर साचाहि सांभाळावा लागे. साचा हरवला कीं बंदूक मुकी झाली.

कवायती पलटणीस मात्र प्रत्येकानें आपला साचा बाळगून चालत नाहीं. तेथें एकच माप लागतें. इंग्रजांच्या ब्राऊन बेस या बंदुकीच्या नळीचा व्यास सुमारें .७५ इंच असे, पण गोळी सुमारें .६९ इंचांचीच घालीत. एका रत्तलांत अशा चौदा-पंधरा गोळ्या होत. मधली ही फट अज्ञानानें ठेवलेली नव्हती. चार-सहा बार झाले कीं काळ्या दारूची काजळी नळींत साठते, आणि अगदीं बेताची गोळी मग गजानें ठोकूनहि आंत जात नाहीं. सैल गोळी झटकन् उतरे. पण उडतांना नळीच्या भिंतींना टप्पे खात बाहेर पडे व शेंभर पावलांपुढें तिचा कांहीं भरंवसा नसे. म्हणून नेमापेक्षां एकदम झडणाऱ्या बारांच्या भिंतीवरच सेनापति विसंबत. झपाटा हवा कीं नेम, हा गोळीच्या निवडींतील पहिला पेंच होय.

पीळदार खोबणीच्या रायफलीनें तो पेंच अधिकच घट्ट केला. गोळी खोबणींत घट्ट बसली तरच तिला फिरकी मिळते. पण घट्ट गोळी तोंडाकडून भरावयाची कशी? फ्रान्समध्यें मिनिये यानें १८४९ च्या सुमारास तोड काढली. गोळी लांबट व बुडाशीं पोकळ. ती भरतांना सैल असते, आणि दारू पेटली कीं तिचें बूड फुगून खोबणींत शिरतें. याच तत्त्वावर १८५३ ची .५७७ एन्फील्ड रायफल निघाली. तिच्या काडतुसाच्या कागदास चरबीचें वंगण असे, आणि तो कागद दांतांनीं फाडण्याची रीत होती. गोळी सुखानें आंत जावी एवढ्याच हेतूनें लावलेलें हें वंगण १८५७ सालीं केवढा अग्निकांड पेटवून गेलें हें सर्वश्रुत आहे. गोळीची निवड ही केवळ कारागिराची बाब नसते, याहून मोठें उदाहरण सांपडणार नाहीं.

पुढें स्नायडर, मार्टिनी-हेन्री आणि १८८८ ची .३०३ ली-मेटफर्ड आली. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. या जुन्या रायफली ज्यांच्या संग्रहीं आहेत व ज्यांना आपल्या देशाच्या कायद्यानें काडतुसें हातानें भरण्याची मुभा आहे, त्यांच्यापुढें आजहि तोच जुना प्रश्न उभा राहतो. नांवाची .३०३ ही नळीच्या उंचवट्यांमधील अंतराची संख्या होय. खोबणींतून मोजलें तर माप सामान्यतः.३११ च्या पुढें भरतें, आणि वापरानें झिजलेल्या किंवा लढाईच्या घाईंत घडलेल्या नळींत त्याहूनहि मोठें. मेटफर्डच्या उथळ, गोलसर सात खोबणी कॉर्डाइटच्या उष्णतेनें लवकर झिजल्या. म्हणून १८९५ च्या ली-एन्फील्डमध्यें पांच चौकोनी खोबणी घातल्या. म्हणून जाणता मनुष्य पेटीवरील छापील आंकड्यावर विश्वास टाकीत नाहीं. मऊ शिशाचा लहानसा गोळा नळींतून हलकेच ठोकीत बाहेर काढून, त्यावर उमटलेलें माप तो सूक्ष्ममापकानें मोजतो, आणि त्यास साजेशी गोळी निवडतो.

व्यासाइतकेंच महत्त्व लांबीचें. खोबणीचा पीळ जितका जलद, तितकी लांब गोळी तो स्थिर ठेवूं शकतो. एन्फील्डचा पीळ ७८ इंचांत एक फेरा, मार्टिनीचा २२ इंचांत, .३०३ चा १० इंचांत. म्हणूनच .३०३ ला प्रथम २१५ ग्रेन वजनाची बोथट गोळी चालली आणि १९१० सालीं १७४ ग्रेनची टोकदार गोळी आली. तीच लांब गोळी मंद पिळाच्या जुन्या नळींतून झाडली तर ती वाटेंतच कोलमडते.

शेवटीं एक प्रश्न उरतो, आणि तो मापाचा नाहीं. १८९५ च्या चित्रळ मोहिमेंत तांब्या-निकेलाच्या वेष्टणाची .३०३ गोळी शरीरांतून आरपार जाते व माणूस थांबत नाहीं, अशी तक्रार निघाली. म्हणून कलकत्त्याजवळील डमडम येथें टोकाचें शिसें उघडें ठेवलेली गोळी तयार झाली. ती अंगांत शिरून पसरते. १८९९ च्या हेग परिषदेनें अशी गोळी युद्धांत निषिद्ध ठरविली. पण शिकाऱ्याचा धर्म नेमका उलटा सांगतो: जनावर जखमी होऊन रानांत तडफडत राहूं नये, म्हणून हरणासाठीं पसरणारी गोळीच हवी, मात्र मोठ्या श्वापदासाठीं ती फार ठिसूळ नसावी. सर सॅम्युएल बेकर यांनीं पोकळ टोकाच्या हलक्या गोळीवर हाच आक्षेप घेतला होता. एकच गोळी रणांत क्रूर ठरते, तर रानांत दयाळू.

आज जामखेडच्या शेजारच्या कर्जत तालुक्यांत रेहेकुरीच्या माळावर काळवीट निर्भयपणें चरतात. १९७२ च्या कायद्यानें त्यांस अभय दिलें व १९८० सालीं तेथें अभयारण्य झालें. त्यांच्यासाठीं गोळी निवडण्याचें कारण आतां उरलें नाहीं. खर्ड्याचा किल्ला अद्याप उभा आहे. त्याच्या तटाखालीं १७९५ सालीं ज्यांनीं आपापल्या पिशवींतून गोळी काढून नळींत सोडली, त्यांची नांवें कोणाच्या बखरींत नाहींत. पण त्या सैल गोळीपासून आजच्या नेमक्या मापापर्यंत माणसानें जें शिकून घेतलें, त्याचें सार एवढेंच आहे: गोळी निवडणाराची जबाबदारी बार उडाल्यावर नव्हे, बार भरण्यापूर्वींच सुरू होते.