पीतज्वराचा दाखला

मुंबईच्या चाळींतील पिंपें, अंगणांतील रांजण आणि परसांत पडलेल्या करवंट्या यांत सांचलेल्या पाण्यावर जो पांढऱ्या पट्ट्यांचा डांस वाढतो, त्याला शास्त्रज्ञ ईडिस इजिप्ती म्हणतात. हाच डांस आफ्रिकेंत व दक्षिण अमेरिकेंत पीतज्वराचें विष एका माणसाच्या रक्तांतून दुसऱ्याच्या रक्तांत नेतो. भारतांत डांस आहे, त्याला मानवणारी उष्ण हवा आहे, आणि हा रोग ज्यांना कधीं शिवलेला नाहीं अशीं कोट्यवधि माणसें आहेत. नाहीं तो एवढा रोगच. आफ्रिकेहून येणाऱ्या उतारूकडे लस टोचल्याचा दाखला मागतात, त्याचें मूळ या विचित्र वस्तुस्थितींत आहे.

क्यूबांतील डॉ. कार्लोस फिनले यांनीं १८८१ सालीं डांसाकडे बोट दाखविलें, तेव्हां त्यांना हंसणारेच पुष्कळ निघाले. १९०० सालीं वॉल्टर रीड यांच्या मंडळानें हवाना येथें तें म्हणणें सिद्ध केलें. पुढें पनामा कालव्याचें काम पुरें होत आलें, तशी पीतज्वराच्या मुलुखांतून जहाजें आतां थेट आशियाकडे येऊं लागतील, ही चिंता वैद्यांना लागली. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील मेजर एस. पी. जेम्स यांनीं या धोक्याचा अभ्यास करून १९१३ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. १९१४ सालीं कालवा उघडला. रोग आला नाहीं. समुद्राचा लांबलचक पल्ला हें त्याचें एक कारण असावें. डांस चावल्यापासून तीन ते सहा दिवसांत ज्वर चढतो. तेव्हां रोगी बंदर गांठण्यापूर्वींच बरा व्हावयाचा किंवा मरावयाचा.

विमानानें हें कुंपण मोडलें. अंगांत विष भिनलेला, पण दिसावयास धडधाकट असा प्रवासी दोन दिवसांत येऊन उतरूं लागला. म्हणून १२ एप्रिल १९३३ रोजीं हेग येथें हवाई वाहतुकीसाठीं स्वतंत्र आरोग्यविषयक करार झाला. सर्वांस सरसकट टोचतां येईल अशी लस मात्र तेव्हां हातीं नव्हती. १९२७ सालीं गोल्ड कोस्टमध्यें असीबी नांवाच्या रोग्याच्या रक्तांतून मिळविलेलें विष न्यू यॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंतील मॅक्स थायलर यांनीं पुनःपुनः कोंबडीच्या गर्भपेशींत वाढवून सौम्य केलें, आणि १९३७ सालीं ही लस जगापुढें आली. थायलर यांना १९५१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

सक्तीच्या टोचणीची दुसरी बाजू झांकण्यासारखी नाहीं. १९४२ सालीं अमेरिकन सैनिकांना दिलेल्या लशींत मानवी रक्तद्रव मिसळलेला होता, आणि त्यांतून काविळीचा संसर्ग पसरला. सुमारें ५०,००० सैनिक आजारी पडले. मागाहून झालेल्या तपासांत संसर्ग सुमारें ३,३०,००० जणांना झाला असावा असें अनुमान निघालें. रोगाचें नांव पीतज्वर, आणि पिवळे पडले ते मात्र लस घेणारे! रक्तद्रव वगळून लस सुधारण्यांत आली. निरोगी माणसाला सुई टोचून घेण्यास भाग पाडण्याचा अधिकार जें सरकार घेतें, त्यानें लशीच्या निर्दोषपणाचा जिम्माहि घेतलाच पाहिजे, हा धडा त्या काविळीनें फार महाग दरानें शिकविला.

१९५१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें जुने करार एकत्र करून आंतरराष्ट्रीय नियम केले. तेव्हां प्रवाशाच्या खिशांत देवी, पटकी व पीतज्वर अशा तिहींचे दाखले असत. पटकीच्या लशीची अट १९७३ सालीं नियमांतून गळली. देवीचें जगांतून उच्चाटन झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें, आणि तो दाखलाहि गेला. पीतज्वराचा राहिला. भारतानें १९५४ सालीं विमानांसाठीं व १९५५ सालीं बंदरांसाठीं नियम केले. रोगाच्या मुलुखांतून ग्राह्य दाखल्यावांचून येणाऱ्या माणसाला सहा दिवसांपर्यंत क्वारंटीनमध्यें ठेवण्याची त्यांत तजवीज होती, आणि ती रीत आजहि चालू आहे. टोचल्यावर दहा दिवस लोटल्याखेरीज दाखला ग्राह्य होत नाहीं. त्यामुळें आदल्या दिवशीं टोचून घेऊन निघालेल्याचीहि सुटका नाहीं. इतकेंच नव्हे, तर कोणत्याहि देशांत पीतज्वराची वार्ता आली कीं तो सबंध देश दूषित समजण्याचा हक्क भारतानें राखून ठेविला आहे. नैरोबीहून मुंबईस लग्नकार्यासाठीं येणाऱ्या कुटुंबाला ही कडकी जाचक वाटावी हें स्वाभाविकच आहे. परंतु ज्या शहरांत दर पावसाळ्यांत हाच डांस डेंग्यू पसरवितो, तेथें ती अवास्तव म्हणतां येणार नाहीं.

आशियांत हा रोग आजवर कां रुजला नाहीं, याचा निर्णय लागलेला नाहीं. कोणी म्हणतात, डेंग्यू होऊन गेलेल्या शरीरांत कांहीं प्रतिकारशक्ति उरते; कोणी म्हणतात, इकडचा डांस हें विष वाहण्यास कमी लायक आहे. २०१६ सालीं अंगोलांत मोठी सांथ आली, तेव्हां तेथून चीनला परतलेल्या ११ जणांना पीतज्वर झाल्याचें आढळलें. आशियांत या रोगाचे रोगी येऊन पोंचल्याची ती पहिलीच नोंद होती. रोग मात्र पुढें पसरला नाहीं. त्याच वर्षीं ११ जुलैपासून हा दाखला दहा वर्षांऐवजीं आजन्म ग्राह्य धरला जाऊं लागला.