भिलकवडी ते प्रवासविमा

इंदूर आणि महेश्वर यांच्यामध्ये विंध्याचा डोंगर आडवा आहे. अठराव्या शतकात त्याचे घाट उतरणाऱ्या व्यापाऱ्याच्या मनात नफ्याहून वाटमारीचाच विचार अधिक असे. डोंगरातील भिल्ल आपल्या मुलखातून जाणाऱ्या मालावर 'भिलकवडी' नावाची लहानशी पट्टी घेत. तो त्यांचा जुना हक्क होता. १७६७ ते १७९५ या काळात राज्यकारभार पाहणाऱ्या देवी अहिल्याबाई होळकर यांनी तो हक्क मोडला नाही. त्याला कर्तव्याची जोड दिली. जो कवडी घेईल त्यानेच वाट राखावी, आणि आपल्या हद्दीत चोरी झाल्यास तिची भरपाई करावी, असा बंदोबस्त त्यांनी केला. सर जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याची नोंद केली आहे.

प्रवासविम्याचे मर्म या बंदोबस्तात आहे. थोडे द्रव्य आधी द्यावयाचे आणि संकटकाळी कोणी तरी जबाबदार राहावयाचे. मात्र ती जबाबदारी ठरल्या हद्दीपुरतीच. सावकारांची जोखमी हुंडी याच जातीची. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यावे लागत. तो वाटेत बुडाला तर नुकसान हुंडी घेणाऱ्याचे. मालाची सोय अशी झाली. प्रवाशाच्या देहाची सोय आगगाडीच्या युगात झाली. १८४९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये तिसऱ्या वर्गाच्या उतारूला एका पेनीत २०० पौंडांचा अपघातविमा मिळू लागला.

अहिल्याबाईंचेच नाव धारण करणाऱ्या इंदूरच्या विमानतळावरून १५ जुलै २०१९ रोजी दुबईकडे पहिले आंतरराष्ट्रीय विमान निघाले. परदेशी असलेल्या मुलांना भेटावयास जाणारी वृद्ध मातापितरे आज अनेक घरांत आहेत. परमुलखात आलेले एक आजारपण आयुष्याची पुंजी गिळू शकते. म्हणूनच युरोपातील शेंगेन देशांनी २००४ पासून प्रवेशपरवान्यासाठी किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय विम्याची अट घातली. परंतु ही किमान मर्यादा आहे, पुरेशी रक्कम नव्हे. अमेरिकेसारख्या देशात रुग्णालयाचा खर्च तिच्या पलीकडे सहज जातो.

विमा निवडताना म्हणूनच हप्त्याआधी हद्द पाहावी. कोणते देश व किती दिवस त्यात येतात? जुन्या मधुमेहाचा वा हृदयविकाराचा खर्च मिळतो काय? प्रत्येक दाव्यातील किती रक्कम प्रथम स्वतः सोसावी लागते? रुग्णालयाचे पैसे कंपनी परस्पर भरते, की आधी आपण भरून मग मागावयाचे? रुग्णास मायदेशी आणण्याचा खर्च कोणाचा? अर्जात जुना आजार लपविला तर हप्ता वाचेल, परंतु ऐन वेळी दावाच नाकारला जाईल.

भिलकवडीचे मोल कवडीत नव्हते. ती घेणारा भरपाईला बांधलेला होता, यात होते. आजच्या विमापत्राचे मोलही हप्त्याच्या आकड्यावरून ठरत नाही. विमा कंपनी कशाला बांधलेली आहे, यावरून ठरते.