नांदायला कोण जातं?

नवरा-बायकोचं बिनसलं की आपल्याकडच्या सोसायट्यांमध्ये पहिलं वाक्य हमखास ऐकू येतं, ‘ती नांदायला तयार नाही.’ ‘तो नांदायला तयार नाही’ असं मी आजवर ऐकलेलं नाही. गुण्यागोविंदाने दोघंही नांदतात, पण नांदायला पाठवतात ती मुलीलाच. पुरुष बायकोकडे राहिला तर त्याला घरजावई म्हणतात, आणि ते कौतुकाने नाही. भांडण असं मांडलं गेलं की दोष कुणाच्या पदरात पडणार हे आधीच ठरलेलं असतं.

यावरचा सगळ्यात गाजलेला खटला मुंबईतलाच आहे. रखमाबाईंचा. शाळेच्या पुस्तकात ‘पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक’ एवढ्यावर आपण त्यांना उरकतो.

१८७६ साली, अकरा वर्षांच्या असताना, त्यांचं लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी झालं. ठरलं असं होतं की दादाजी सासरीच राहील, त्याचा खर्च सासरचे करतील आणि तो शिकेल. म्हणजे घरजावईच! रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी एवढ्या कोवळ्या वयात संसार सुरू होऊ दिला नाही. दादाजी अभ्यासात रमला नाही, पुढे मामाकडे राहायला गेला. रखमाबाई माहेरीच राहिल्या, वाचत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजीने हायकोर्टात दावा लावला की बायकोला माझ्याकडे पाठवा.

हा दावा ना मनुस्मृतीतला, ना आपल्या जातपंचायतींचा. तो इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांतून इथे आला. गंमत बघा, असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकणं इंग्लंडने १८८४ सालीच बंद केलं. इथे मात्र ती शिक्षा चालूच.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. जिथे दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत, तिथे बाईला बळजबरीने पाठवणं त्यांना रानटी वाटलं. झालं, गदारोळ उठला. टिळकांच्या ‘केसरी’ने हा हिंदू धर्मातला हस्तक्षेप ठरवला. म्हणजे विलायतेहून आलेला दावा आपला धर्म झाला आणि तो नाकारणारा इंग्रज न्यायाधीश धर्मबुडवा! टिळक मोठेच, पण इथे ते चुकले असं माझं स्पष्ट मत आहे.

अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी कळवलं की तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने तो हुकूम सोडून दिला आणि पुढे दुसरं लग्न केलं. त्याला तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हतीच. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला कित्येक वर्षं काम केलं. पुन्हा लग्न केलं नाही.

मला जास्त खटकतं ते पुढचं. तुरुंगाची तरतूद १९२३ साली गेली, पण दावा राहिला. मे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा लागू झाला, त्याच्या कलम ९ मध्ये तोच दावा परत आला. त्याच सप्टेंबरात रखमाबाई वारल्या. १९८३ मध्ये आंध्र हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं, पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवलं. खुद्द इंग्लंडने हा दावा १९७० मध्ये मोडीत काढला.

कागदावर आज नवरा आणि बायको दोघंही हा दावा लावू शकतात. पण वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतची जोडपी येतात, त्यांच्या कज्जांत घर कुणाचं हा प्रश्न असतोच. सासर बोरिवलीला वन बीएचकेत, माहेर मुलुंडला, तिची नोकरी अंधेरीला. तिने वेगळ्या भाड्याच्या खोलीचा विषय काढला की ‘मुलाला तोडते’. त्याला आई-वडिलांना सोडवत नाही, हीही खरी ओढ आहे, ती मी नाकारत नाही. मात्र तिनेही आई-वडील सोडलेले असतात आणि ते कुणी मोजत नाही. पोटगीचा अर्ज आला की समोरून पुष्कळदा कलम ९ येतं, ‘मी न्यायला तयार आहे, तीच येत नाही.’

तुमच्या ओळखीत नवऱ्याबद्दल कुणी ‘नांदायला गेला’ असं म्हटलेलं आठवतंय का? कमेंटमध्ये जरूर सांगा.