संतुलित अर्थसंकल्पाची सक्ती

सरकारने जमेपेक्षा जास्त खर्च करू नये, असे बंधन कायद्याने किंवा राज्यघटनेने घालावे की नाही, याविषयीचा वाद. भारतात अशी घटनात्मक सक्ती केंद्रावर नाही, राज्यांवरही नाही.

संविधान सभेत 10 ऑगस्ट 1949 रोजी हा प्रश्न निघाला. केंद्राच्या कर्जावर मर्यादा घालण्याचा अधिकार कलम 292 संसदेला देते. त्याचे समर्थन करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर एक पाऊल पुढे गेले. सरकारने वर्षात किती कर्ज उचलावे, हे ठरवणारा कायदा संसद दरवर्षीही करू शकते आणि कायदाच न केल्यास तो दोष संसदेचा, असे त्यांचे म्हणणे होते. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर 1925 साली ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांची ही बाजू सक्तीच्या वादात क्वचितच आठवली जाते. आकडा घटनेत कोरून न ठेवता लोकप्रतिनिधींनी तो कायद्याने ठरवावा, हा त्यातला गाभा.

संसदेने राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा केला तो 2003 साली. महसुली तूट (चालू खर्चासाठी महसुलात पडणारी तूट) संपवायची आणि राजकोषीय तूट (एकूण खर्चासाठी लागणारे कर्ज) सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या 3 टक्क्यांवर आणायची, असे कायद्यात आणि त्याखालील नियमांत ठरले. 2008 च्या जागतिक मंदीत ही उद्दिष्टे बाजूला पडली. 2018 च्या दुरुस्तीत तर महसुली तुटीचे लक्ष्यच वगळले. कोविडच्या 2020-21 या वर्षात केंद्राची तूट 9 टक्क्यांपलीकडे गेली; त्या वर्षी समतोलाची सक्ती असती तर कर वाढवावे लागले असते किंवा धान्यवाटप आखडावे लागले असते. सक्तीच्या विरोधकांचा हा मुद्दा वजनदार आहे. अमेरिकेत संतुलित अर्थसंकल्पाच्या घटनादुरुस्तीचा प्रस्ताव 1995 साली सिनेटमध्ये थोडक्यात हुकला. जर्मनीने 2009 साली कर्जावर घटनात्मक लगाम घातला आणि 2025 साली संरक्षणखर्चासाठी तो सैल केला.

सक्तीच्या बाजूचे लोक पुढच्या पिढीवरील व्याजाकडे बोट दाखवतात. पण खर्च कशाचा, हे आधी पाहावे लागते. उदाहरणार्थ, छत्रपती संभाजीनगरसाठी (पूर्वीचे औरंगाबाद) जायकवाडी धरणातून पाणी आणण्याची नवी योजना 1,680 कोटींवरून सुमारे 2,740 कोटींवर गेली. जी जलवाहिनी नातवंडांनाही पाणी देणार, तिचा सगळा भार आजच्याच करदात्यावर का? पगार, निवृत्तिवेतन, अनुदाने यांसाठी कर्ज काढणे मात्र वेगळे. ते पैसे वर्षातच संपतात, हप्ते राहतात.

शिवाय सक्ती कागदावर पाळता येते. महाराष्ट्रातील महापालिका शिलकी अंदाजपत्रक मांडतात. त्यासाठी मालमत्ता कर आणि पाणीपट्टीच्या वसुलीचा आकडा फुगवण्याचा मोह असतो. वर्षअखेर वसुली अपुरी पडते आणि ठेकेदारांची बिले तुंबतात. तूट लपते, मिटत नाही.

महाराष्ट्राने राजकोषीय उत्तरदायित्वाचा स्वतःचा कायदा 2005 साली केला. तरी संभाजीनगरात 16 सप्टेंबर 2023 रोजी झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीतून मराठवाड्यासाठी 45 हजार कोटींहून मोठे पॅकेज जाहीर झाले. घोषणा आणि अर्थसंकल्पी तरतूद यांतले अंतर मराठवाड्याला 2016 च्या अशाच मंत्रिमंडळ बैठकीपासून ठाऊक आहे. राज्याच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात महसुली तुटीचा अंदाज 45,891 कोटी रुपये होता, राजकोषीय तूट मात्र स्थूल राज्य उत्पन्नाच्या 3 टक्क्यांच्या आत धरली होती. केंद्राचे कर्ज डोक्यावर असलेल्या राज्याला नवे कर्ज काढताना कलम 293 नुसार केंद्राची संमती लागते. त्यामुळे राज्यांपुरता लगाम प्रत्यक्षात विधिमंडळापेक्षा दिल्लीच्या हाती अधिक आहे.