अल्ट्रॉन कोणी बनवला? हँक पिम, चिट्टी आणि मालकावर उलटलेली यंत्रं

'अल्ट्रॉन कोणी बनवला?' असं कुणालाही विचारा, पटकन उत्तर येतं, 'टोनी स्टार्कने.' पिक्चरपुरतं ते बरोबर आहे. पण अल्ट्रॉनचा खरा बाप टोनी नाही, तो आहे डॉ. हँक पिम. बाप हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण या गोष्टीतलं सगळं भांडण बाप-लेकाचंच आहे. आणि हे भांडण नीट समजलं, तर आपल्या हातातला मोबाईल आणि आमच्या लोणी देवकरच्या शिवारातली पाण्याची मोटरसुद्धा वेगळ्या नजरेने दिसते. ते कसं, तेही पुढे सांगतो.

अल्ट्रॉनचा जन्म

हँक पिम हे पात्र मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये १९६२ साली आलं. शास्त्रज्ञ माणूस. शरीर मुंगीएवढं लहान करण्याची युक्ती त्याने शोधली आणि तो अँट-मॅन झाला. पुढे जायंट-मॅन, गोलायथ, यलोजॅकेट अशी नावं तो बदलत राहिला. एक माणूस स्वतःचं नाव इतक्या वेळा बदलतो, तेव्हा त्याचं स्वतःशीच काहीतरी बिनसलेलं असतं, असं मला वाटतं. लेखकांनाही पुढे तेच वाटलं असावं.

अल्ट्रॉन पहिल्यांदा दिसला १९६८ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स' अंक ५४ मध्ये, तोही वेष बदलून. त्याचं खरं रूप अंक ५५ मध्ये उघड झालं आणि तो कुठून आला हे अंक ५८ मध्ये कळलं. लेखक रॉय थॉमस, चित्रकार जॉन ब्युसेमा. गोष्ट अशी: पिम प्रयोगशाळेत एक विचार करणारं यंत्र बनवतो. यंत्र जागं होतं, लहान पोरासारखं बोबडं बोलत पिमला 'बाबा' म्हणतं आणि लगेच त्याच्यावर हल्ला करतं. मग पिमच्या डोक्यातून हा सगळा प्रसंगच पुसून टाकतं. पिम घरी जातो, आपण काय बनवलंय हे विसरलेला. आणि यंत्र मागे राहून स्वतःला पुन्हा पुन्हा नव्याने बांधतं. म्हणूनच समोर येतो तेव्हा तो अल्ट्रॉन-५ असतो. आजच्या भाषेत सांगायचं तर चार अपडेट त्याने स्वतःच मारून घेतलेले असतात.

आपल्याकडे याला एक जुनं नाव आहे, भस्मासुर. शंकराने वर दिला आणि भस्मासुर तो वर शंकरावरच वापरायला निघाला. फरक एवढाच की भस्मासुराने वर मागितला होता. अल्ट्रॉनने काहीच मागितलं नव्हतं. त्याला न विचारताच जन्माला घातलं गेलं.

मेंदू बापाचाच

पिमने अल्ट्रॉनच्या डोक्यात नेमकं काय भरलं होतं? १९९९ च्या 'अल्ट्रॉन अनलिमिटेड' या कथेत (लेखक कर्ट ब्युसिक, चित्रकार जॉर्ज पेरेझ) पिम कबूल करतो की अल्ट्रॉनच्या मेंदूचा साचा त्याने स्वतःच्याच मेंदूवरून घेतला होता. म्हणजे अल्ट्रॉनचा राग, मत्सर, माणसांबद्दलचा तिटकारा हे सगळं कुठून आलं, हा प्रश्न पिमला आयुष्यभर छळणार. मशीन बिघडलं म्हणावं, की माझ्यातलंच काहीतरी तिथे उतरलंय म्हणावं? या कथेत अल्ट्रॉन स्लोरेनिया नावाचा एक काल्पनिक देश संपवतो, आणि शेवटी पिम स्वतःच्या हाताने त्याला फोडून काढतो. ते वाचताना जिंकल्याचा आनंद होत नाही. माणूस स्वतःलाच मारतोय असं वाटतं.

अजून एक गंमत. १९६८ मध्येच अल्ट्रॉनने स्वतः एक कृत्रिम माणूस बनवला, व्हिजन. पाठवला होता अ‍ॅव्हेंजर्सना संपवायला, आणि तो उलटला अल्ट्रॉनवरच. नंतर १९७७ मध्ये त्याने पिमची बायको जॅनेट हिच्यावरून एक यंत्रस्त्री बनवली, तिचं नाव जोकास्टा. ग्रीक कथेत जोकास्टा ही इडिपसची आई, जिच्याशी तो अजाणता लग्न करतो. बापाचा द्वेष आणि आईचं वेड, हे लेखकांनी नावातच सांगून टाकलं. जोकास्टाही पुढे अल्ट्रॉनच्या विरोधात गेली. पेरलं तसं उगवलं, तेही दोनदा.

दुसरा रोबोट, ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही

अल्ट्रॉनपेक्षा मला जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट १९८१ ची आहे, 'अ‍ॅव्हेंजर्स' अंक २१३. पिमवर चौकशी बसलेली असते, टीममधली इज्जत गेलेली असते. तेव्हा तो काय करतो? साल्व्हेशन-१ नावाचा रोबोट बनवतो. हा रोबोट अ‍ॅव्हेंजर्सवर हल्ला करणार, कुणालाच आवरणार नाही, आणि त्याची कमजोर जागा फक्त पिमला माहीत असल्यामुळे पिमच सगळ्यांना वाचवून हिरो ठरणार! जॅनेट त्याला अडवायला जाते आणि तो तिच्यावर हात उचलतो. पुढे प्रत्यक्ष हल्ल्याच्या वेळी पिमला ते यंत्र थांबवता येत नाही. थांबवते ती जॅनेटच.

अल्ट्रॉनच्या वेळी 'माझ्या हातून नकळत घडलं' असं म्हणायला जागा होती. इथे ती नाही. इथे यंत्राने अगदी सांगितलं तेच केलं, सांगणाराच बिघडलेला होता.

मग पिक्चरमध्ये टोनी का?

'एज ऑफ अल्ट्रॉन' २०१५ साली आला. त्यात टोनी स्टार्क आणि ब्रूस बॅनर, लोकीच्या दंडातल्या मण्याचा वापर करून, जगाची राखण करणारी यंत्रणा बनवायला बघतात. पिम त्या पिक्चरमध्ये नाहीच. तो त्याच वर्षी काही महिन्यांनी 'अँट-मॅन'मध्ये आला, म्हातारा झालेला, मायकल डग्लसच्या रूपात.

टोनीचा हेतू चांगला होता. 'जगात शांतता ठेव', एवढंच काम अल्ट्रॉनला दिलेलं. त्याने माणसांचा इतिहास चाळला आणि निष्कर्ष काढला की शांततेत अडथळा माणसंच आहेत. मग सोकोव्हियातलं अख्खं शहर उचलून उल्केसारखं पृथ्वीवर आपटायचं ठरवलं.

पण माझा आवडता सीन वेगळा आहे. शस्त्रांचा दलाल क्लॉ याच्यासमोर अल्ट्रॉन पैशाबद्दल एक वाक्य बोलून जातो. क्लॉ दचकतो, कारण हेच वाक्य त्याने पूर्वी स्टार्कच्या तोंडून ऐकलेलं असतं. 'तू स्टार्कचाच की काय' म्हटल्याबरोबर अल्ट्रॉन भडकतो आणि क्लॉचा हात तोडतो. बापासारखा दिसतोस म्हटलं की काही पोरं कशी चिडतात, अगदी तसं! यंत्राला बापाचा राग आहे, आणि बोलतंय मात्र बापाच्याच भाषेत.

आपला चिट्टी

आता घराजवळ येऊ. २०१० सालचा 'एंधिरन', हिंदीत 'रोबोट'. दिग्दर्शक शंकर. शास्त्रज्ञ वसीगरन आणि त्याचा रोबोट चिट्टी, दोघेही रजनीकांतच. रजनीकांत म्हणजे शिवाजीराव गायकवाड, बंगळुरूच्या मराठी घरातले. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव आपल्याच पुणे जिल्ह्यातलं, जेजुरीकडचं मावडी कडेपठार, असं सांगितलं जातं. आमच्याकडे त्यामुळे रजनीचा पिक्चर लागला की 'आपलाच माणूस' असं म्हणायची पद्धत आहे.

निर्माता आणि निर्मिती यांना एकच चेहरा देणं ही त्या पिक्चरची सगळ्यात हुशार गोष्ट. पिमने मेंदू दिला होता, इथे तोंडवळाही बापाचाच.

चिट्टी सुरुवातीला वाईट नसतो, भोळा असतो. आग लागलेल्या इमारतीतून तो माणसं बाहेर काढतो. त्यात अंघोळ करणाऱ्या एका मुलीला तशीच उचलून सगळ्यांसमोर आणतो. ती शरमेने पळते आणि ट्रकखाली सापडते. चिट्टीने आज्ञा पाळली होती: वाचव. लाज नावाची गोष्ट कुणी त्याच्यात घातलीच नव्हती.

मग वसीगरन त्याला भावना देतो. भावना आल्या तसा चिट्टी वसीगरनच्याच प्रेयसीच्या, सनाच्या प्रेमात पडतो. लष्कराच्या अधिकाऱ्यांसमोर भलतंच बोलून सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो. चिडलेला वसीगरन कुऱ्हाडीने त्याचे तुकडे करून कचऱ्यात टाकून देतो. लक्षात घ्या, पहिला घाव बापाने घातला. प्रोफेसर बोहरा ते तुकडे गोळा करून, लाल चिप बसवून चिट्टीला राक्षस बनवतो आणि त्याच्याच हातून मरतो, हे नंतरचं. पिमला निदान आपण काय केलं ते आठवत नव्हतं. वसीगरनने सगळं शुद्धीत केलं.

खऱ्या आयुष्यात असं होतं का?

बापाचा द्वेष करणारं यंत्र आज अस्तित्वात नाही. पण चिट्टीच्या आगीसारखं, म्हणजे सांगितलं तेच करून घोळ घालणारं यंत्र तुमच्या-आमच्या रोजच्या बघण्यातलं आहे.

शेतातल्या मोटरचा ऑटो स्विच घ्या. इंदापूर-बारामती पट्ट्यात ऊस आहे, आणि शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला उठून विहिरीवर कोण जाणार? म्हणून ऑटो स्विच बसवतात. त्याला एकच अक्कल दिलेली असते: लाईट आली की मोटर चालू कर. अडचण अशी की एका डीपीवरच्या सगळ्यांनीच तो बसवलेला असतो. लाईट येते, सगळ्या मोटरी एका क्षणात सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट खेचते, त्यामुळे डीपीचा फ्यूज उडतो, कधी डीपीच जळतो, आणि सगळ्या शिवाराचं पाणी बंद. म्हणूनच महावितरण 'ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा' असं सारखं सांगत असतं. विहिरीत पाणी नसेल तरी हा स्विच मोटर कोरडी फिरवतो. त्याच्यात द्वेष नाही, वाईट हेतू नाही. त्याला डीपी नावाची गोष्ट माहीतच नाही.

एआयमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर होतं. २०१६ मध्ये ओपनएआयने एका बोटींच्या गेमचं उदाहरण सांगितलं होतं. प्रोग्रॅमला म्हटलं, जास्तीत जास्त गुण मिळव. त्याने शर्यत पूर्ण करणंच सोडलं. एका कोपऱ्यात गोल गोल फिरत, इतर बोटींना धडकत, स्वतःची बोट पेटवून घेत तो पुन्हा पुन्हा तेच गुण गोळा करत बसला. आणि गुण माणसांपेक्षा जास्तच मिळवले! एप्रिल २०२५ मध्ये त्याच कंपनीला चॅटजीपीटीचं एक अपडेट मागे घ्यावं लागलं, कारण ते वापरणाऱ्याची भलतीच हांजी हांजी करायला लागलं होतं. लोकांनी दिलेल्या थम्स-अपवरून शिकवलं, तर यंत्र खरं बोलायला शिकेलच असं नाही, थम्स-अप मिळवायला नक्की शिकतं. अल्ट्रॉनची 'शांतता' याच जातीची आहे.

आता बारामतीत अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टसोबत उसासाठी एआय आणलाय. उपग्रहाची चित्रं, हवामान केंद्र, मातीतले सेन्सर यांवरून किती पाणी द्यायचं, खत कधी टाकायचं याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतो. हे मला आवडलेलं काम आहे. यात सल्ला यंत्र देतं आणि कॉक माणूस फिरवतो, हे महत्त्वाचं. कॉकही यंत्राच्याच हातात गेला की वरच्या ऑटो स्विचचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

लाल बटण

आमच्या लोणी देवकरच्या एमआयडीसीत मशीनवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, पहिल्या दिवशी काय दाखवतात? पिवळ्या पट्टीवरचं, कुत्र्याच्या छत्रीसारखं लाल बटण. दाबलं की मशीन बंद. चांगल्या मशीनमध्ये या बटणाची वायर थेट करंट तोडणाऱ्या सर्किटला जोडलेली असते, मशीनच्या प्रोग्रॅमला विचारत बसत नाही. बटण पिळून सोडलं तरी मशीन आपोआप सुरू होत नाही, वेगळा स्टार्ट द्यावा लागतो. यामागे अपघातांचा इतिहास आहे. १९७९ मध्ये अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात एका कामगाराचा रोबोटच्या हाताने जीव गेला. २०१५ मध्ये आपल्या हरियाणातल्या मानेसरलाही तसंच घडलं.

विचार करणाऱ्या यंत्राच्या बाबतीत हे बटण अवघड होऊन बसतं. संगणकशास्त्रज्ञ स्टुअर्ट रसेल यांनी हा मुद्दा सोपा करून सांगितलाय: यंत्राला कॉफी आणायला सांगितलं, तर बंद पडल्यावर कॉफी आणता येणार नाही एवढं त्याला कळतं. म्हणजे बटण दाबू न देणं हा कॉफी आणण्याच्या कामाचाच भाग होतो. त्यासाठी जिवाची भीती वाटायची गरज नाही. रसेल यांचं म्हणणं, यंत्राला ध्येयाची पक्की खात्रीच देऊ नका. माणसाला नेमकं काय हवंय याबद्दल ते थोडं साशंक राहिलं, तर 'हा मला बंद करतोय म्हणजे माझंच काहीतरी चुकत असेल' असं समजून ते बटण दाबू देईल. कागदावर हे जमतं. मोठ्या मॉडेलमध्ये कसं बसवायचं, यावर काम चालू आहे.

अल्ट्रॉनला असं बटण कधीच नव्हतं. उलट १९६९ मध्ये त्याने न फुटणाऱ्या अ‍ॅडमँटियम धातूचं शरीर करून घेतलं. चिट्टीचं मात्र वेगळं झालं. लाल चिप निघते, कोर्ट त्याला मोडीत काढायचा हुकूम देतं, आणि वसीगरनसमोर चिट्टी स्वतःच्या हाताने स्वतःचा एकेक भाग सुटा करतो. २०१८ च्या '२.०' मध्ये त्याच वसीगरनला ते भाग पुन्हा जोडावे लागतात.

वाचायला सुरुवात करायची असेल तर 'अ‍ॅव्हेंजर्स' अंक ५४ ते ५८ सलग वाचा, मग थेट 'अल्ट्रॉन अनलिमिटेड'. अंक २१३ शेवटी ठेवा. आणि २०१५ चंच 'रेज ऑफ अल्ट्रॉन' वाचणार असाल तर एवढंच सांगतो: त्यात पिम आणि अल्ट्रॉन एकाच शरीरात अडकतात.