बॉलस्टोनचा मागोवा

इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात वेनलॉक एज नावाची लांबलचक डोंगरधार आहे. तिथल्या चुनखडीच्या खाणींतल्या कामगारांना दोन दगड वेगळे ओळखता येत. एक थराथरांचा, मातीमिश्रित. दुसरा त्या थरांच्या मध्येच फुगून बसलेला, थर नसलेला, जवळजवळ शुद्ध चुन्याचा. या दुसऱ्याला ते ‘बॉलस्टोन’ म्हणत आणि त्याच्याच मागे लागत. भट्टीत लोखंड गाळताना खनिजातली वाळू-माती ओढून तिची मळी करायला अशीच शुद्ध चुनखडी लागते. अब्राहम डार्बीने १७०९ मध्ये कोकवर लोखंड गाळले, ते कोलब्रुकडेल इथून जवळच.

बॉलस्टोन म्हणजे प्रवाळभिंतीचा तुकडा. सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी हा प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेला, उबदार, उथळ समुद्राखाली होता. तिथे टॅब्युलेट प्रवाळ आणि स्ट्रोमॅटोपोरॉइड नावाचे चुनेदार स्पंज एकमेकांवर चढत वाढले; मधल्या फटींत चुन्याचा गाळ भरला. आजूबाजूला देठावर डोलणारे क्रिनॉइड, तळाशी सरपटणारे ट्रायलोबाइट. आजच्या समुद्रांतले प्रवाळ या टॅब्युलेटांचे वंशज नव्हेत; तो वंश सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंडाच्या अखेरीस संपला. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा वाहू लागला तेव्हा ही भिंत दगड होऊन पडली होती, तिचे वय ३६ कोटी वर्षांच्या घरात होते.

भूवैज्ञानिक रॉडरिक मर्चिसनने १८३५ मध्ये वेल्सच्या सीमेवरील प्राचीन सिल्युरीस जमातीवरून या भिंतीच्या कालखंडाला सिल्युरियन नाव दिले आणि १८३९ मध्ये त्यावरचा जाडजूड ग्रंथ काढला. कीर्ती त्याला मिळाली, आणि ती योग्यच होती. पण या चुनखडीतले जीवाश्म उजेडात आणले ते सुरुंग आणि पहारींनी. याच चुनखडीवर वसलेल्या डडलीच्या खाणींत एक ट्रायलोबाइट इतका सापडे की त्याला ‘डडली बग’ म्हणू लागले. पुढे तो गावाच्या मानचिन्हावरही आला.

खुद्द बॉलस्टोनवर सविस्तर अभ्यास मात्र १९१४ साली प्रसिद्ध झाला. तो मार्गारेट क्रॉसफील्ड आणि मेरी जॉन्स्टन या दोघींनी केला होता. मला या सगळ्या कथेत हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. लंडनच्या जिओलॉजिकल सोसायटीचे सदस्यत्व त्या वेळी स्त्रियांना मिळत नसे. ते दार १९१९ मध्ये उघडले, आणि पहिल्या तुकडीत आत गेलेल्या स्त्रियांमध्ये क्रॉसफील्ड होत्या.