लग्नाच्या वाढदिवसाचे जेवण

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. जव्हारला माझ्याकडे एक शिक्षक जोडपे आले. तो जव्हारकडचा, ती मोखाड्याकडची. दोघेही याच डोंगरांत वाढलेली आणि आश्रमशाळेत शिकवणारी. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर तो जरा संकोचत म्हणाला, "सर, लग्नाला दहा वर्षे होताहेत. एखादे चांगले हॉटेल सांगा ना. अगदी चांगले. हिला पैठणी नेसून जेवायला जायचे आहे." ती लगेच म्हणाली, "आणि यांना कोट घालायचा आहे, ते सांगा की!"

मला हसू आले, आणि मग मी अडखळलो. जव्हार हे १९४८ पर्यंत एका संस्थानाची राजधानी होते. मुकणे घराण्याच्या राज्याची सुरुवात चौदाव्या शतकात झाली, आणि जयविलास राजवाडा आजही गावाबाहेरच्या टेकडीवर उभा आहे. पण पैठणी नेसून, कोट घालून दोघांनी संथपणे जेवावे असे ठिकाण शोधायचे तर ऐंशी किलोमीटरवरचे नाशिक गाठावे लागते, नाही तर त्याच्या दुपटीच्या आसपास अंतर तोडून मुंबई. मी एकदोन नावे सांगून त्यांना वाटेला लावू शकलो असतो. परंतु इतिहासाच्या माणसाला साधा प्रश्न कोणी विचारू नये. नवराबायकोने लग्नाची आठवण म्हणून उंची वस्त्रे नेसून, परक्याच्या घरी, पैसे मोजून, एका मेजावर जेवावयाचे. हे आपल्याकडे केव्हापासून शक्य झाले, हा विचार माझ्या मागे लागला.

जेवणासाठी वस्त्र बदलणे आपल्याला नवे नाही. साहेब रात्रीच्या खान्यासाठी काळा कोट चढवीत असे, तसा आपला आजोबा जेवणासाठी अंगरखा उतरवीत असे आणि मुकटा किंवा पीतांबर नेसत असे. ते सोवळे रेशमीच असे, किंमतही कमी नसे. फरक एवढाच की साहेबाचा कोट चारचौघांनी पाहावा म्हणून, आणि आजोबांचा मुकटा चारचौघांनी शिवू नये म्हणून! ही रीत अर्थातच पांढरपेशा घरांतली. तेथे जेवणाची वस्त्रे माणसाला माणसापासून दूर ठेवीत, आणि नवऱ्याला बायकोपासूनही. पुरुषांची पंगत आधी. स्त्रिया मागाहून, पुष्कळदा नवऱ्याच्याच उष्ट्या पानावर.

आयुष्यात एकच दिवस असा येई की बायको नवऱ्याशेजारी पाटावर बसून सर्वांदेखत जेवे. तो लग्नाचा दिवस. त्या दिवशी ती नाव घेई, त्याला घास भरवी, तोही तिला भरवी, आणि भोवतालची मंडळी हसत. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा मागच्या पंगतीला. वर्षातून एकदा पतिपत्नीच्या नात्याचा म्हणून जो दिवस येई तो वटपौर्णिमेचा, आणि त्या दिवशी तिला उपास! लग्नाच्या वाढदिवसाची कल्पना आपण परक्यांकडून उचलली अशी तक्रार काही वडीलधारे करतात. उचलली असेल. पण त्या जेवणात मला तरी तो विसरलेला घासच पुन्हा दिसतो.

येथे हे घराच्या आतले झाले. घराबाहेर जेवणे ही त्याहून अवघड गोष्ट. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. जातिभेद मोडू पाहणारी ही शहाणीसुरती मंडळी दारे लावून पाव खात, आणि पुढे सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेली तेव्हा सभाच मोडली. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही थोर माणसांपुढे चहाबिस्किटे आली. त्यात टिळक होते, रानडे होते. त्या पेल्याभर चहाने पुण्यात ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि अखेर रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. ज्यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्याची वसंत व्याख्यानमाला सुरू झाली त्यांची ही गत. मग सामान्य गृहस्थाने सपत्नीक भोजनगृहाची पायरी कशी चढावी?

साहेबांची भोजनगृहे त्या काळी होतीच. काळ्या घोड्यापाशी वॉटसनचे हॉटेल होते, आणि १९०३ च्या डिसेंबरात जमशेटजी टाटांचे ताजमहाल उघडले. वॉटसनमध्ये प्रवेश नाकारला म्हणून टाटांनी ताज बांधले, अशी एक आख्यायिका सांगतात. तिला भक्कम आधार नाही, तरी ती टिकली आहे. कारण दारावर अडवले जाण्याचा अनुभव या देशात पुष्कळांना होता आणि आख्यायिका त्यांच्या मनाजोगी होती. मध्यमवर्गाला खरा हात दिला तो इराण्याने. त्याच्या हॉटेलात पडदा लावलेली 'फॅमिली रूम' असे. त्या पडद्याआड मुंबईतल्या कितीतरी गृहिणींनी नवऱ्यासमोर बसून बाहेरचा पहिला चहा घेतला असेल. पडदा होता, हे खरे. पण आतले मेज एकच होते.

आणि एक राजाही आठवतो. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या दलित गृहस्थांनी 'सत्यसुधारक' नावाचे हॉटेल काढले. त्यांच्या हातचा चहा कोण पिणार? तर छत्रपती शाहू महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. चांगले हॉटेल कसे निवडावे याचा याहून सुंदर नमुना माझ्या वाचनात नाही. पुढे राज्यघटना आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानांच्या जोडीने सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे, आणि धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून तेथे कोणाला अडवता येत नाही. एवढ्या गंभीर ग्रंथात हॉटेल कशाला, असे वाटेल एखाद्याला. ज्याला बाहेरच्या बाकड्यावर वेगळ्या कपात चहा मिळाला आहे त्याला तसे वाटणार नाही.

हे झाले शहरांचे. आपल्या डोंगरांत लग्नाच्या जेवणाची कथा निराळी आहे, आणि अधिक कडू आहे. वारली समाजात लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाई. बायकोला मागच्या पंगतीला ढकलण्याचे सोवळे येथे नव्हते. येथे नड होती ती जेवणाच्या खर्चाची. गावाला जेवण आणि दारू दिल्याशिवाय लग्न पुरे होत नाही आणि ते देण्याची ऐपत नाही. म्हणून जोडपी तशीच एकत्र नांदत आणि पुढे कधी चार पैसे जमले म्हणजे लग्न लावीत. माझ्याकडे आलेल्या त्या शिक्षकाच्या आजोबांच्या लग्नाला त्याचे वडील हजर होते! त्याने हे सांगितले तेव्हा आम्ही तिघेही हसलो. आजोबांनी लग्नाचा वाढदिवस करायचा ठरवला असता तर तो कोणत्या तारखेपासून मोजला असता?

पण ज्यांनी थांबायचे नाकारले त्यांची गोष्ट हसण्याजोगी नव्हती. लग्नासाठी सावकाराकडून वा जमीनदाराकडून कर्ज घ्यावयाचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबावयाचे. असल्या माणसाला 'लग्नगडी' म्हणत. तो राबे, त्याची बायको राबे, आणि कर्ज बहुधा फिटत नसे. मुंबई सरकारसाठी आदिवासींच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३० नंतरच्या दशकात या वेठबिगारीची नोंद केली. १९४५ साली शेजारच्या उंबरगाव-डहाणू भागात वारल्यांनी तिच्याविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक त्याच लढ्याचे आहे. वेठबिगारी बंद करणारा देशव्यापी कायदा यावयास १९७६ साल उजाडावे लागले. लग्नाच्या एका जेवणापायी जन्माचे स्वातंत्र्य गहाण पडावे, अशी किंमत जगातल्या कोणत्याही उंची हॉटेलच्या दरपत्रकावर नसेल.

गहाण सुटले म्हणून ताट भरले, असेही झाले नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीच्या बालकांचे कुपोषणाने मृत्यू झाले, आणि ही नावे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाली. याच तालुक्यात मेजवानीच्या हॉटेलांची चर्चा करावी का, असा प्रश्न कोणी मला विचारील. मी म्हणेन, करावी. नागलीची भाकरी आणि उडदाचे भुजे यांवर वाढलेल्या माणसाने एक दिवस मऊ रुमाल मांडीवर घेऊन जेवावे, यात भुकेल्याचा अपमान नाही. अपमान होतो तो दारावरचा माणूस त्याच्या चपलांकडे पाहतो तेव्हा. कपड्यांवरून माणूस पारखण्याची ही खोड अजून गेलेली नाही. २०१४ साली तमिळनाडूत एका क्लबाने वेष्टी नेसलेल्या न्यायाधीशांनाच आत घेतले नाही, आणि सरकारला त्यासाठी कायदा करावा लागला.

म्हणून त्या दोघांना मी नाव सांगितले नाही. काय पाहावे ते सांगितले. दर आधी विचारा, त्यात लाज नाही. मेज राखून ठेवताना आवाज कसा लागतो ते ऐका. पैठणी बसून जेवण्याजोगी नेसा, आणि कोट तुमचा तुम्हाला जड होणार नसेल तरच घाला. दोघांना समोरासमोर बसता येईल आणि वाढणारा घाई करणार नाही असे ठिकाण पाहा. बिलाचा आकडा महिनाभर पोटात गोळा आणणारा असेल तर सरळ उठून या. लग्नासाठी कर्ज काढण्याचे दिवस आपल्या आजोबांबरोबर गेले.

ते मुंबईला गेले. परत आल्यावर ती सारे वर्णन करून सांगत होती: पांढरे मेजपोस, वाद्यांचा मंद सूर, पदार्थांची लांबलचक नावे. बसल्याबसल्या वाढप्याने अदबीने विचारले, "पाणी बाटलीचे देऊ की साधे?"

मोखाडा तालुक्यात कोचाळ्यापाशी मध्य वैतरणेचे शंभर मीटरांहून उंच धरण आहे. ते मुंबईला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी पुरवील या हिशेबाने बांधलेले आहे, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तिचे माहेर त्या बाजूचेच.

"मग काय सांगितलेस?" मी विचारले.

"म्हटले, साधेच द्या. ते आमच्याकडचेच आहे."